प्रकाशाच्या पट्ट्यांचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, पुसद तालुक्याची हद्द ओलांडून पैनगंगेच्या पलीकडे गेले म्हणजे हिंगोली जिल्हा लागतो. आणि त्या जिल्ह्यातील औंढा नागनाथ, जे आजवर ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील यात्रेकरूंना ठाऊक होते, ते अलीकडे आणखी एका कारणाने सर्वतोमुखी झाले आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथे उभारावयाच्या लायगो-इंडिया या वेधशाळेस २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा प्रकाश जावा, टोकाच्या आरशांवरून परत यावा, परतलेले दोन्ही प्रकाश एकत्र मिळावेत आणि त्यांच्या मिळणीत पडलेल्या यत्किंचित फरकावरून दूरच्या अवकाशातून आलेल्या गुरुत्वीय तरंगांची वार्ता लागावी, असा या वेधशाळेचा उद्देश आहे. जमीन किती, खर्च किती, मंजुरी केव्हाची, हा तपशील वर्तमानपत्रांत यथासांग आला. परंतु ज्या तत्त्वावर ही सारी उभारणी व्हावयाची आहे, ते तत्त्व बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात एका लहानशा सूत्राच्या रूपाने असते, परीक्षेपुरते पाठ होते आणि निकालाबरोबर विस्मरणात जाते. ते सूत्र कशावरून खरे आहे, आणि ते वापरताना खरी कसोटी कोठे लागते, हे सावकाश समजून घेण्याजोगे आहे.

इंग्लंडात थॉमस यंग नावाच्या, व्यवसायाने वैद्य असलेल्या बहुश्रुत विद्वानाने १८०१ पासून प्रकाशासंबंधी आपले विचार रॉयल सोसायटीपुढे मांडण्यास आरंभ केला, त्या वेळी प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा वर्षाव होय हे न्यूटनच्या नावाशी निगडित झालेले मत इतके दृढमूल होते की, हायगेन्स या शास्त्रज्ञाने १६९० मध्ये प्रसिद्ध केलेली तरंगांची उपपत्ती जवळजवळ बासनात पडली होती. यंगने वादापेक्षा प्रयोगावर भिस्त ठेवली. २४ नोव्हेंबर १८०३ रोजी वाचलेल्या निबंधात त्याने सांगितलेला प्रयोग असा: खिडकीच्या झडपेला बारीक छिद्र पाडून सूर्यप्रकाशाची एक शलाका काळोख्या खोलीत घ्यावी आणि तिच्या वाटेत सुमारे एक तीसांश इंच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी धरावी. पट्टीची जी सावली पडते ती सलग काळी नसते. तिच्या आत उजेडाच्या आणि अंधाराच्या समांतर रेषा दिसतात, आणि सावलीच्या ऐन मध्यभागी, जेथे सर्वांत गडद काळोख असावा अशी आपली अपेक्षा, तेथे नेहमी उजेडच असतो. एवढे पाहून यंग थांबला नाही. पट्टीच्या एका कडेवरून येणारा प्रकाश त्याने लहानशा आडोशाने अडवला. दुसऱ्या कडेचा प्रकाश पूर्ववत येत होता, तरी सावलीतील रेषा तत्क्षणी नाहीशा झाल्या. पुढे १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत त्याने दोन छिद्रांची वा दोन चिरांची मांडणी वर्णिली, आणि पाठ्यपुस्तकांत त्याच्या नावाने येते ती आकृती हीच; पण पुठ्ठ्याच्या पट्टीच्या त्या साध्या प्रयोगाचे मोल माझ्या मते अधिक आहे. प्रकाशाचा एक वाटा काढून घेतल्यावर आधी काळ्या असलेल्या जागांवर उजेड पोचू लागतो, ही गोष्ट कणांच्या हिशेबात बसवणे अत्यंत दुष्कर आहे.

तरंगांच्या हिशेबात मात्र ती आपोआप बसते. तरंगाला शीर्ष असते आणि गर्त असतो; लगतच्या दोन शीर्षांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. एकाच ठिकाणी दोन वाटांनी आलेल्या तरंगांची शीर्षे एकाच वेळी पोचली तर त्यांची बेरीज होऊन उजेड वाढतो, आणि एकाच्या शीर्षाबरोबर दुसऱ्याचा गर्त पोचला तर दोघांचे परस्परांशी खंडन होऊन अंधार होतो. यांपैकी काय घडावयाचे ते दोन वाटांच्या लांबीत फरक किती, एवढ्यावरच अवलंबून असते. हा मार्गभेद शून्य, एक, दोन, तीन अशा पूर्ण तरंगलांब्यांइतका असेल तेथे उजेड; अर्धी, दीड, अडीच असा असेल तेथे अंधार. शास्त्रात या घटनेस व्यतिकरण म्हणतात. अंधाराच्या जागची ऊर्जा बुडत नाही. ती उजेडाच्या जागी जमा झालेली असते आणि एकूण जमाखर्च बरोबर मिळतो.

मग अंगणात दोन दिवे शेजारी शेजारी लावले तर भिंतीवर असे पट्टे का उमटत नाहीत, ही शंका साहजिक आहे. दिव्यातील प्रत्येक अणू प्रकाश सोडतो तो सेकंदाच्या अब्जांशांत मोजावा अशा अल्प काळापुरता. मग पुन्हा नव्याने सोडतो, आणि या नव्या तरंगाच्या आरंभाचा जुन्याच्या अखेरीशी काहीही संबंध नसतो. दोन स्वतंत्र दिव्यांच्या तरंगांत शीर्षाशी शीर्ष जुळण्याचा मेळ त्यामुळे क्षणभरही टिकत नाही. पट्टे निर्माण होतात, परंतु त्यांच्या जागा इतक्या त्वरेने बदलतात की डोळ्यांना केवळ त्यांची सरासरी, म्हणजे सपाट उजेड, तेवढा दिसतो. यावर उपाय एकच: एकाच उगमाचा प्रकाश घ्यावा, त्याचे दोन वाटे करावेत आणि ते दोन्ही पुन्हा एकत्र आणावेत. मग मूळ उगमात कितीही चलबिचल झाली तरी ती दोन्ही वाट्यांत एकदमच होते, आणि त्यांच्यातील परस्परसंबंध अबाधित राहतो.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. दोन उगमांमधील अंतरास उगमांतर म्हणू, आणि लगतच्या दोन उजळ पट्ट्यांमधील अंतरास पट्टांतर. पडदा दोन उगमांना जोडणाऱ्या रेषेशी समांतर आहे. उगमांच्या मध्यातून पडद्यावर लंब टाकला असता जो मध्यबिंदू मिळतो तेथे दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या, म्हणून तेथे उजेड. तेथून थोडे बाजूला सरकून पडद्यावर दुसरा एक बिंदू घ्यावा. जवळच्या उगमापासून या बिंदूपर्यंतची वाट एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे. त्या त्रिकोणाची एक भुजा पडद्याच्या अंतराइतकी, आणि दुसरी, आपण जितके बाजूला सरकलो त्यातून निम्मे उगमांतर वजा केल्यावर उरेल तितकी. दूरच्या उगमासाठी हाच त्रिकोण, फक्त निम्मे उगमांतर वजा न करता मिळवावयाचे. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे दोन्ही कर्णांचे वर्ग मांडून मोठ्यातून लहान वजा केला की पडद्याच्या अंतराचा वर्ग दोहोंकडून निघून जातो, आणि बाकी उरते ती बाजूचे अंतर व उगमांतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. परंतु दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे मूळ संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. येथे दोन कर्णांची वजाबाकी हाच आपला मार्गभेद. आणि त्यांची बेरीज, पडदा उगमांतराच्या मानाने फार दूर असल्यामुळे, पडद्याच्या अंतराच्या दुपटीइतकी धरण्यास प्रत्यवाय नसतो. दोहोंकडची दुप्पट गेली की हाती येते ते असे:

मार्गभेद = बाजूचे अंतर × उगमांतर ÷ पडद्याचे अंतर

बाजूचे अंतर ज्या प्रमाणात वाढते त्याच प्रमाणात मार्गभेद वाढतो. म्हणून मार्गभेद एका तरंगलांबीने वाढण्यास दर वेळी तितकेच सरकावे लागते, आणि उजळ पट्टे समान अंतरावर पडतात. हे अंतर किती, ते वरच्याच समीकरणात मार्गभेदाच्या जागी एक तरंगलांबी घातली की निघते:

पट्टांतर = तरंगलांबी × पडद्याचे अंतर ÷ उगमांतर

मध्यापासून फार दूर गेले असता वर पत्करलेली सूट चालेनाशी होते आणि पट्टे किंचित विरळ होऊ लागतात. प्रयोगशाळेतील नेहमीच्या मांडणीत मात्र त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

या सूत्राचे मर्म पडद्याचे अंतर आणि उगमांतर यांच्या भागाकारात आहे. पिवळ्या सोडियम प्रकाशाची तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर, म्हणजे ०.०००५८९३ मिलिमीटर, एवढी लांबी कोणत्याही पट्टीने मोजता येणे अशक्य. पण उगमांतर १ मिलिमीटर आणि पडदा १ मीटर दूर ठेवला तर तो भागाकार १००० येतो, आणि तरंगलांबी हजारपट होऊन ०.५८९ मिलिमीटरचे पट्टांतर भिंगाखाली स्वच्छ दिसू लागते. काही पदरचे न घालता, केवळ भूमितीच्या बळावर, अदृश्य लांबी दृश्य झाली. उलट उगम १० सेंटिमीटर दूर ठेवले असते तर तेच पट्टांतर ०.००६ मिलिमीटरच्याही आत गेले असते आणि पट्टे असूनही कोणास दिसले नसते. सगळी मांडणी पाण्यात बुडवली तर तरंगलांबी सुमारे तीनचतुर्थांश होते, आणि पट्टेही त्याच प्रमाणात जवळ येतात.

महाराष्ट्रातील महाविद्यालये पुण्यातील असोत की पुसद-वणीसारख्या तालुक्याच्या गावची, पदवीचे विद्यार्थी हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या ज्या उपकरणावर पडताळत आले ते म्हणजे फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचे बायप्रिझम. काचेचे हे प्रिझम इतके चपटे असते की त्याचा माथ्याचा कोन जवळजवळ १७९ अंश भरतो आणि बाजूचे दोन कोन जेमतेम अर्ध्या-अर्ध्या अंशाचे. सोडियमच्या दिव्यासमोर एक अरुंद चीर, तिच्यापुढे दहा-बारा सेंटिमीटरवर हे प्रिझम आणि बेंचच्या दुसऱ्या टोकास मायक्रोमीटर लावलेली नेत्रिका अशी मांडणी असते. प्रिझमच्या डाव्या अर्ध्यातून गेलेला प्रकाश एका बाजूस आणि उजव्या अर्ध्यातून गेलेला दुसऱ्या बाजूस किंचित वळतो, आणि पुढून पाहणाऱ्यास एका चिरेच्या जागी शेजारी शेजारी दोन चिरा असल्याचा भास होतो. हे दोन आभासी उगम एकाच चिरेपासून झालेले, म्हणून त्यांच्यातील मेळ अभंग. चीर प्रिझमच्या धारेशी काटेकोर समांतर होईपर्यंत नेत्रिकेत केवळ पिवळा धूसर उजेड दिसतो. चिरेचा स्क्रू हलक्या हाताने फिरवत राहिले की एका क्षणी त्या धूसरतेतून पिवळ्या-काळ्या उभ्या रेषा उमटतात, आणि ज्याने हा क्षण एकदा अनुभवला त्याला प्रकाशाच्या तरंगरूपाविषयी वेगळा पुरावा द्यावा लागत नाही.

मोजणीचा शिरस्ता ठरलेला आहे. नेत्रिकेतील उभी तार एका उजळ पट्ट्यावर आणून वाचन घ्यावे, मग मायक्रोमीटर एकाच दिशेने फिरवीत अकराव्या पट्ट्यावर न्यावी आणि पुन्हा वाचन घ्यावे. दिशा मध्येच बदलली तर स्क्रूच्या आट्यांमधील ढिलाई वाचनात शिरते. येथे पुष्कळांची गफलत होते ती मोजण्यात: कपाशीच्या अकरा तासांमध्ये मोकळ्या पट्ट्या दहाच असतात, तसे अकरा पट्ट्यांत पट्टांतरे दहाच, आणि भागायचे ते दहाने. समजा, पहिल्यापासून अकराव्यापर्यंतचे अंतर ५.९० मिलिमीटर भरले. तर पट्टांतर ०.५९० मिलिमीटर. चिरेपासून नेत्रिकेच्या तारांपर्यंतचे अंतर १००० मिलिमीटर. राहिले उगमांतर.

या प्रयोगाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर भाग तोच आहे. आभासी उगमांवर पट्टी ठेवता येत नाही. ज्या जागी ते दिसतात तेथे वस्तुतः काहीच नसते. म्हणून प्रिझम आणि नेत्रिका यांच्या मध्ये एक बहिर्गोल भिंग आणतात. नेत्रिकेचे चिरेपासूनचे अंतर भिंगाच्या नाभीय अंतराच्या चौपटीहून अधिक असेल तर भिंगाच्या नेमक्या दोन जागा अशा सापडतात की जेथून दोन्ही उगमांची रेखीव प्रतिमा नेत्रिकेत पडते. एका जागी प्रतिमा मूळ उगमांपेक्षा एकमेकींपासून दूर, दुसऱ्या जागी जवळ. पहिल्या जागी भिंग जितक्या पट मोठे करते तितक्याच पट दुसऱ्या जागी लहान करते, कारण दोन्ही जागांमध्ये वस्तूचे व प्रतिमेचे अंतर यांची केवळ अदलाबदल होते. म्हणून दोन्ही प्रतिमांतील अंतरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की मूळ उगमांतर मिळते. भिंगाचे नाभीय अंतर माहीत असण्याचीही जरुरी नाही. पहिल्या जागी १.६० मिलिमीटर आणि दुसऱ्या जागी ०.६२५ मिलिमीटर मिळाले, तर गुणाकार १.०० आणि उगमांतर १.०० मिलिमीटर. तरंगलांबी निघाली ०.५९० × १.०० ÷ १०००, म्हणजे ५९० नॅनोमीटर. मान्य आकडा ५८९.३.

हा निकाल कितपत विश्वासार्ह, हे ठरवताना तीन मापांची खातेनिहाय तपासणी करावी. बेंचवरील एक मीटर एका मिलिमीटरपर्यंत बरोबर वाचता येतो. तेथील चूक हजारात एक. दहा पट्टांतरांचे ५.९० मिलिमीटर शतांश मिलिमीटरपर्यंत वाचता येतात; चूक हजारात दोनच्या आत. पण प्रतिमांची अंतरे मुळातच लहान, त्यांपैकी ०.६२५ मध्ये शतांश मिलिमीटरची चूक झाली तर ती हजारात सोळा होते, आणि वर्गमुळामुळे निम्मी झाली तरी हजारात आठ उरते. विद्यार्थी बहुधा पट्टे मोजण्यात सारी शक्ती खर्च करतात आणि भिंगाचे काम घाईने उरकतात. माझ्या मते वेळेची वाटणी नेमकी उलट हवी. आणखी एक दक्षता: बेंचवरील दर्शक ज्या आकड्यासमोर असतो तेथेच तार असते असे नाही. म्हणून नेत्रिका दोन निरनिराळ्या अंतरांवर ठेवून दोन पट्टांतरे मोजावीत, आणि पट्टांतरांतील फरकास अंतरांतील फरकाने भागावे. दर्शकाची कायमची चूक वजाबाकीत आपोआप निघून जाते.

सोडियमचा दिवा नव्हता, मायक्रोमीटरची नेत्रिका नव्हती, अशा काळात यंगने तांबड्या टोकाच्या प्रकाशाची तरंगलांबी इंचाच्या सुमारे छत्तीस हजाराव्या भागाइतकी आणि जांभळ्या टोकाची सुमारे साठ हजाराव्या भागाइतकी असल्याचे सांगितले. मेट्रिक मापात हे आकडे ७०६ आणि ४२३ नॅनोमीटर होतात, आणि आजच्या आकड्यांच्या शेजारी ठेवले तरी ते शोभून दिसतात.

हेच सूत्र उलटे वाचले की त्याचा दुसरा उपयोग ध्यानात येतो. पडद्याचे अंतर काढून टाकून पट्टांतराचा केवळ कोन मागितला तर तो तरंगलांबी भागिले उगमांतर एवढा असतो. म्हणजे उगम जितके दूर तितके पट्टे दाट, आणि तितका आकाशातील बारीक तपशील ओळखता येणार. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत उगमांच्या जागी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ तीन भुजांवर पसरलेल्या. अधिकांत अधिक अंतर सुमारे २५ किलोमीटर. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगांसाठी या अंतराने येणारा पट्ट्यांचा कोन भागाकार करून पाहावा: सुमारे पावणेदोन विकला, म्हणजे अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका. एकच तबकडी असती तर हा कोन सुमारे पाचशेपट ढोबळ राहिला असता.

औंढ्याच्या वेधशाळेत हिशेबाची तऱ्हा निराळी आहे, कारण तेथे पट्टांतर मोजावयाचेच नाही. लेसरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. प्रकाश भुजेत जातो आणि परत येतो, म्हणून साध्या मांडणीत एका भुजेची लांबी ५३२ नॅनोमीटरने बदलली की पट्टे पूर्ण एका पट्टांतराने सरकतील. परंतु गुरुत्वीय तरंगांनी घडणारा बदल मीटरचा एकावर अठरा शून्ये इतकावा भाग अशा प्रतीचा असतो. म्हणजे एका पट्टांतराचा सुमारे पाचशे अब्जावा भाग. एवढ्याने पट्टा सरकलेला कोणासही दिसणार नाही. म्हणून दोन्ही प्रकाश परस्परांना जवळजवळ पूर्णपणे खोडतील अशी मांडणी करून ठेवतात आणि त्या अंधारात किंचित उजेड शिरतो का, याची मोजदाद करतात. पुढची योजना, भुजेत प्रकाश शेकडो वेळा ये-जा करील अशी आरशांची रचना, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

ज्यांच्याजवळ बायप्रिझम नाही त्यांना यंगची पुठ्ठ्याची पट्टी आजही उपलब्ध आहे. तिच्या जागी डोक्याचा एक केस घ्यावा आणि सूर्याच्या जागी लेसरची तांबडी कांडी, जिच्यावर बहुधा ६५० नॅनोमीटर असा आकडा छापलेला असतो. शलाका कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही अशी तजवीज प्रथम करावी. चौकटीत ताणून चिकटवलेल्या केसावर शलाका सोडली असता तीन मीटरवरील भिंतीवर, मधला झगझगीत ठिपका सोडून, दोन्ही बाजूंस उजेडाचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी दिसतात. दोन कडांवरून आलेल्या प्रकाशांचा मार्गभेद पूर्ण एका तरंगलांबीचा झाला की येथे अंधार पडतो, दोन चिरांप्रमाणे उजेड नव्हे, कारण येथे हिशेब दोन कडांचाच नसून त्यांच्यामधील सगळ्या रुंदीचा असतो आणि तिचे दोन अर्धे परस्परांना खोडतात. परंतु एकाच बाजूच्या लगतच्या काळ्या फटींतील अंतराचे सूत्र तेच राहते, उगमांतराच्या जागी केसाची जाडी घालावयाची इतकेच. पाच अंतरे मिळून १४० मिलिमीटर भरली तर एक अंतर २८, आणि केसाची जाडी ०.०००६५ × ३००० ÷ २८, म्हणजे ०.०७ मिलिमीटर.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात केसाहून सूक्ष्म अशी एक वस्तू बांधावर सहज मिळते. फुटलेल्या बोंडातून कपाशीचा एकच तंतू सुईच्या टोकाने वेगळा करावा आणि केसाच्या जागी बसवावा. त्याची रुंदी साधारण १२ ते २० मायक्रोमीटर. १५ धरली तर एक मीटरवरच फटींमधील अंतर ४३ मिलिमीटर येते, म्हणून भिंत जवळ घ्यावी आणि खोली पूर्ण अंधारी करावी. केसाच्या फटी रेखीव दिसतात, कपाशीच्या मात्र पुसट. हा मांडणीचा दोष नव्हे. वाळल्यावर कपाशीचा तंतू आत दबून चपटा होतो आणि त्याला पीळ पडतो. शलाकेच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीत असे अनेक पीळ एकदम येतात, प्रत्येक पिळाशी रुंदी कमीजास्त होते, आणि निरनिराळ्या अंतरांचे पट्टे एकमेकांवर पडून त्यांच्या कडा विरतात. मोजलेली रुंदी ही त्या सर्वांची सरासरी होय. मर्सराइझ केलेल्या सुताचा तंतू दाहक सोड्याच्या संस्काराने फुगून गोल व बराचसा सरळ झालेला असतो. त्याचे पट्टे साध्या तंतूपेक्षा रेखीव पडावयास हवेत, आणि ज्याला लेसरची कांडी, शिवणाची रीळ व बोंड अशा तिन्ही वस्तू मिळतील त्याला दोन्हींची पट्टांतरे एकाच भिंतीवर मोजून ताडून पाहता येतील.